धरून ठेवलेले बारा सेकंद

फ्रीडेनाऊ गावात चढ म्हणावा असा एकच, शाळेमागच्या तळ्याचा बांध. बाकी सगळी गव्हाची जमीन, पोळपाटासारखी सपाट. त्या बांधावर लेलँड उन्रूने अठरा वर्षं पोरं पळवली. सामन्यात ज्याने कुणी समोरच्या खेळाडूला हातांनी धरून ठेवलं आणि पंचाने त्याबद्दल पिवळा रुमाल टाकला, त्याने सोमवारी सकाळी सहाला बांधावर यायचं आणि बारा वेळा खाली-वर पळायचं. खांद्याने रेटा, छातीने अडवा, पण धरायचं नाही. लेलँडचा स्वतःचा मुलगा संघात होता तेव्हा तोही एकदा गारा पडत असताना पळाला होता, आणि लेलँड डोक्यावर काही न घेता खाली उभा राहून मोजत होता.

"धरणं म्हणजे काय?" दर ऑगस्टला तो नव्या पोरांना विचारायचा. पोरं एकमेकांकडे बघायची. मग तोच सांगायचा, "धरणं म्हणजे समोरचा आपल्यापेक्षा चांगला आहे हे आपल्याला कळलंय, आणि ते कबूल करायची आपल्यात धमक नाही."

लेलँड शाळेत गणित शिकवायचा, सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवायचा आणि शरद ऋतूत चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकी फुटबॉलचा कोच असायचा. फुटबॉलही आठ जणांचा, कारण अकरा पोरं गावात जमायचीच नाहीत. बायको आर्डिथ शाळेच्या स्वयंपाकघरात. गुरुवारी ती कोबी आणि खिमा भरलेले बिरॉक पाव भाजायची तेव्हा वास थेट गणिताच्या वर्गात यायचा आणि लेलँड फळ्याकडे तोंड करून म्हणायचा, "अजून वीस मिनिटं. कुणी मान वळवायची नाही." पोरांना तो आवडायचा. संघ मात्र हरायचा. अठरा वर्षांत अकरा वर्षं हरलेल्या सामन्यांची संख्याच मोठी होती, आणि त्याबद्दल गावाने त्याला कधी फार बोल लावला नव्हता. कोच सरळ माणूस आहे, असं म्हणायचे. अशा वेळी सरळ या शब्दात थोडी कीवही असते, ती लेलँडला ऐकू यायची.

नियमांचं पुस्तक तो न्याहारीला वाचायचा. दुसरा माणूस वर्तमानपत्र वाचतो तसं. २००९च्या उन्हाळ्यात एका सकाळी त्याने पुस्तक आर्डिथपुढे सरकवलं.

"हे बघ. इथे भोक आहे."

"कशात?"

"नियमात. समज, शेवटचे काही सेकंद उरलेत. आपण चार गुणांनी पुढे आहोत आणि चेंडू आपल्याच गोलाच्या तोंडाशी, आपल्याच हातात आहे. आता आपल्या सगळ्या पोरांनी समोरच्यांना नुसतं मिठी मारून धरून ठेवलं, तर काय होईल? रुमाल पडेल, आपल्याला शिक्षा होईल. पण आपल्या गोलरेषेमागे धरल्याची शिक्षा म्हणजे त्यांना फक्त दोन गुण. आणि तोवर वेळ संपलेली. म्हणजे गुन्हा केला, पकडले गेलो, शिक्षा भोगली, आणि तरी दोन गुणांनी आपण जिंकलो."

आर्डिथने अंड्यावर मीठ टाकलं. "मग बुजव ते भोक. कुणाला तरी पत्र लिही."

लेलँड हसला. पत्र वगैरे त्याने लिहिलं नाही. एखादं अवघड गणित सुटल्याचा आनंद होतो तसा त्याला झाला होता, इतकंच.

त्या वर्षी बारावीत सात दणकट पोरं एकदम आली होती. मधल्या जागेवर मायका गोअरिंग, दूधवाल्या गोअरिंगांचा मुलगा, मान वासरासारखी आणि स्वभावही तसाच. चेंडू सांभाळायला ट्रेंट कॉफमन, अख्ख्या तालुक्यात त्याच्याइतकं चपळ कुणी नव्हतं. सप्टेंबर जिंकण्यात गेला, ऑक्टोबरही जिंकण्यात गेला. गावाला सवय नव्हती, त्यामुळे गाव आधी बावरलं आणि मग चेकाळलं. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी उपांत्य सामना आला, सेंट कॉन्राड गावाशी, आपल्याच मैदानावर.

सेंट कॉन्राडच्या संघात चोपन्न नंबरचा एक पोरगा होता. अंगाने किरकोळ, गुडघ्यापर्यंत मोजे ओढलेले. पण त्याने फ्रीडेनाऊला दुपारभर सळो की पळो करून सोडलं. मायकाच्या बगलेखालून निसटायचा, ट्रेंटच्या पायात शिरायचा. एकदा तर पायाने उडवलेला चेंडू त्याने उडी मारून छातीवर घेतला, आणि त्यावर त्यांचे गुण झाले. तरी शेवटच्या दोन मिनिटांत फ्रीडेनाऊ वीस-सोळाने पुढे होतं. सेंट कॉन्राडने चेंडू पार गोलाच्या तोंडाशी आणला, तिथे लेलँडच्या पोरांनी चार वेळा छातीचा कोट करून त्यांना अडवलं. चार प्रयत्न वाया गेले की चेंडू दुसऱ्या संघाला, तसा तो फ्रीडेनाऊला मिळाला. पण तीन प्रयत्नांत तो पुढे जायच्याऐवजी मागेच आला, दर वेळी तो चोपन्न नंबर मध्ये. प्रत्येक प्रयत्नानंतर त्यांचे कोच गॅलन लाइकर टाइमआउट घेऊन घड्याळ थांबवायचे. तिसरा आणि शेवटचा टाइमआउट संपायला आला तेव्हा घड्याळात बारा सेकंद होते, चेंडू गोलरेषेपासून एका यार्डावर होता आणि प्रयत्न उरला होता एकच. आता चेंडू लाथेने लांब उडवायचा, तर तो चोपन्न पुन्हा उडी मारणार.

पोरं लेलँडभोवती गोळा झाली. दमलेली, तोंडाला माती, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. इतक्या वर्षांत त्याच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

"लाथ मारायची नाही," लेलँड म्हणाला. "ट्रेंट, चेंडू घेऊन गोलरेषेमागच्या पट्टीत पळत राहायचं. घड्याळ शून्यावर आलं की मैदानाबाहेर पाय टाकायचा. बाकीच्यांनी आपापला माणूस धरायचा."

"अडवायचा," मायका म्हणाला. कोचची जीभ चुकली असं त्याला वाटलं.

"धरायचा. दोन्ही हातांनी मिठी मारून धरायचा, मागे ओढायचा आणि सोडायचा नाही. मायका, तू चोपन्नला धर. काही झालं तरी सोडू नकोस."

ट्रेंटने विचारलं, "कोच, रुमाल पडेल की."

"पडू दे. दोन गुण जातील. वीस-अठरा. आपण जिंकलो."

"मुद्दाम?" मायकाने विचारलं.

"नियमात बसतं, मायका."

"आणि सोमवारी?"

एक-दोन पोरं हसली, कारण मायका चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं. मायका चेष्टा करत नव्हता. लेलँडला ते कळलं, आणि तरी तो म्हणाला, "सोमवारचं सोमवारी बघू. चला, पंच बोलावताहेत."

पुढचे बारा सेकंद फार मोठे होते. चेंडू ट्रेंटच्या हातात गेला आणि फ्रीडेनाऊच्या सात पोरांनी समोरच्या सात पोरांना कवटाळलं. सेंट कॉन्राडचा एकच मोकळा राहिला, तो ट्रेंटच्या मागे इकडून तिकडे धावत होता. बाकी मैदानावर खेळ नव्हताच. पोरं पोरांना बिलगून उभी होती, काही जमिनीवर पडली होती, आणि कुणी कुणाला मारत नव्हतं. मायकाने चोपन्न नंबरला मागून धरून, गोठ्यात वासरू उचलतात तसं उचललं होतं. त्या पोराचे पाय हवेत होते.

"धरलंय!" तो पोरगा ओरडला. "पंच! यानं मला धरलंय! अहो, बघा ना!"

पंच तीन पावलांवर उभे होते. त्यांचा रुमाल केव्हाच गवतावर पडला होता. "दिसतंय मला, बाळा," ते म्हणाले. "रुमाल टाकलाय मी."

"मग याला सोडायला सांगा ना!"

शेवटचं वाक्य ओरडताना त्याचा आवाज फुटला आणि तो रडायला लागला. लेलँड कडेला उभा होता, त्याला प्रत्येक शब्द ऐकू आला. मैदानावर पाच पिवळे रुमाल पडलेले होते. ट्रेंटने रेषेबाहेर पाय टाकला. घड्याळ शून्य. पंचांनी दोन्ही तळवे डोक्यावर जोडून सेंट कॉन्राडला दोन गुण दिले आणि खेळ संपवला.

बाकांवरच्या माणसांना काय झालं ते आधी कळलंच नाही. मग कुणीतरी फळ्यावरचं वीस-अठरा बघितलं आणि एकच गलका झाला.

दोन्ही संघ हात मिळवायला ओळीने आले. चोपन्न नंबरच्या सदऱ्याचा गळा फाटून खांद्यावर लोंबत होता. लेलँडसमोर येताच शिकवल्याप्रमाणे त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "छान खेळलात, कोच." त्याने वर बघितलं नाही. ओळीच्या शेवटी गॅलन लाइकर होते.

"हे नियमात आहे?"

"आहे."

"बरं," गॅलन म्हणाले आणि आपल्या पोरांकडे गेले.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर लेलँडचा हात सोडायला कुणी तयार नव्हतं. "गणिताचा उपयोग असतो हे आज पटलं बघ मला," गव्हाच्या कोठारावरचा व्हर्ल म्हणाला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "साठ वर्षांत पहिल्यांदा! शेवटी तुझ्यातही बदमाश निघाला की रे." बायका हसल्या. पाद्रीबाबाही हसले. आपल्याला सरळ म्हणताना लोकांच्या आवाजात जी कीव असायची ती आज नाही, हे लेलँडच्या लक्षात आलं. त्याला ते आवडलंही. ते आवडल्याची त्याला इतकी लाज वाटली की तो टोपी विसरून गाडीत जाऊन बसला.

जेवताना बटाटे वाढत आर्डिथने विचारलं, "त्या पोराचं नाव काय?"

"कुठल्या?"

"लेलँड, तुला माहीत आहे कुठल्या."

त्याला नाव माहीत नव्हतं. त्याने कोटाच्या खिशातून सामन्याचा चुरगळलेला कागद काढला आणि बोट फिरवत चोपन्न शोधला. "एमिट ड्रायलिंग. नववीत आहे."

"नववीत," आर्डिथ म्हणाली. तिने पुढे काही बोलावं म्हणून लेलँड उगीचच ताटावर बसून राहिला.

सोमवारी सकाळी तो बस काढायला शाळेत आला तेव्हा नुकतं फटफटत होतं. तळ्याच्या बाजूला त्याला काहीतरी हलताना दिसलं. जवळ जाऊन बघतो तर बांधावर पोरं पळत होती. धरणारे सातही जण, आणि त्यांच्याबरोबर ट्रेंटही. थंडीने तोंडातून वाफा निघत होत्या.

"काय चाललंय हे?"

मायका उतरून आला आणि गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. "आमचे पाच झालेत, कोच. सात राहिले."

"तुम्हाला कुणी बोलावलं होतं?"

"कुणी नाही."

"मग? धरायला मीच सांगितलं होतं तुम्हाला. तुमचा काय दोष त्यात?"

मायकाने विचार केला. तो बोलायच्या आधी नेहमीच विचार करायचा, त्यामुळे गणितात मागे पडायचा. "सांगितलं तुम्ही, ते खरं," तो म्हणाला. "पण हात आमचेच होते ना."

त्या बोलण्यात टोमणा असता तर लेलँडला बरं वाटलं असतं. रागावता आलं असतं. पण पोरगा अगदी साधेपणाने सांगत होता. रुमाल पडला की सोमवारी बांध, हे त्यांना अठरा वर्षांच्या शिस्तीने शिकवलं होतं, आणि ते शिकले होते.

लेलँडने जाकीट काढून कुंपणावर टाकलं आणि बांधाकडे निघाला. दहा पावलं चढला असेल, तोच ट्रेंट धावत आला.

"कोच, नको! तुमचा गुडघा. डॉक्टरांनी सांगितलंय ना तुम्हाला. राहू द्या, आमचं आम्ही करतो."

"सर, खरंच नको," आणखी एक जण म्हणाला. एकाने तर कुंपणावरचं जाकीट आणून त्याच्या खांद्यावर टाकलं. लेलँड खाली उभा राहिला. त्याने मोजलं नाही. पोरांनीच मोजलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर बस दुसऱ्याच्या हवाली करून तो सेंट कॉन्राडला गेला. चाळीस मैलांत काय बोलायचं ते त्याने तीन-चार वेळा जुळवलं. गॅलन लाइकर सामानाच्या खोलीबाहेर कागदावर हेल्मेटची यादी करत उभे होते. त्यांचा हंगाम संपला होता.

"मी पुस्तक वाचून काढलं," गॅलन म्हणाले. रामराम वगैरे काही नाही. "तुझं बरोबर आहे. अगदी चोख बसतं नियमात. पुढच्या वर्षी वेळ आली तर मीही करणार आहे."

"नको करूस, गॅलन."

"का? तुला चालतं आणि मला नाही?"

गॅलननी पेनाने आतल्या खोलीकडे खूण केली. "तू पोरासाठी आलायस ना? आत आहे."

एमिट ड्रायलिंग खेळताना खांद्यांवर बांधायचे गादीचे पट्टे आकारानुसार लावत होता. लेलँडला बघून तो ताठ उभा राहिला.

"एमिट, मी तुझी माफी मागायला आलोय," लेलँड म्हणाला. जुळवलेलं सगळं विसरून गेलं होतं. "तुला धरायला मीच सांगितलं होतं. तुझं नाव घेऊन नाही, नंबर सांगून."

"हो, सर. त्याने सांगितलं मला, हात मिळवताना. सोळा नंबर... मधला तो."

"मायकाने?"

"हो. सॉरी म्हणाला." पोराने एक पट्टा उचलून पुन्हा तिथेच ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. "सर, तुम्ही ऐकलंत का, मी ओरडत होतो ते?"

"ऐकलं."

"सगळ्यांनीच ऐकलं. घरी भाऊ नक्कल करतो माझी. अहो बघा ना, अहो बघा ना, असं. आजोबा म्हणाले, मैदानावर रडणारा आमच्या घरात पहिलाच." तो लेलँडकडे न बघता बोलत होता. "ओरडायला नको होतं मी. रुमाल तर आधीच पडला होता. मग ओरडून काय उपयोग होता?"

"तू ओरडलास ते बरोबरच केलंस," लेलँड म्हणाला.

"थँक यू, सर," पोरगा म्हणाला. मोठी माणसं असं बोलतातच, हे माहीत असल्यासारखा. आणि पुन्हा पट्टे लावायला लागला.

परतीच्या वाटेवर लेलँडने एका ओसाड फाट्यावर गाडी थांबवली. लाज आपल्याला वाटायला हवी म्हणून तो तिथवर गेला होता. ती तर त्या पोरानेच उचलून घेतली होती, आणि ती परत कशी मागायची ते लेलँडला कळत नव्हतं.

अंतिम सामन्यात फ्रीडेनाऊचा बावन्न-सहा असा फडशा पडला. आठ जणांच्या खेळात पंचेचाळीसचा फरक पडला की खेळ थांबवतात, त्यामुळे शेवटची बारा मिनिटं खेळायचीही वेळ आली नाही. गावाने तरी मिरवणूक काढली. लेलँडने त्या हिवाळ्यात राज्याच्या क्रीडा मंडळाला पत्र लिहून नियम बदलायला सुचवलं. आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, असं छापील उत्तर आलं.

पुढच्या वर्षी पहिल्याच सामन्यात नववीतल्या एका पोराने धरलं आणि रुमाल पडला. सामना संपल्यावर पोरगा समोर येऊन उभा राहिला. लेलँडने तोंड उघडलं. सोमवारी सहाला, एवढंच म्हणायचं होतं. पण "पुढच्या वेळी लक्ष ठेव," असं तो म्हणाला. बांधावर पळणं त्यानंतर बंद झालं. कुणी बंद केलं नाही, तसंच राहून गेलं. दर ऑगस्टला विचारायचा तो प्रश्नही त्याने विचारला नाही. पोरं जास्त धरायला लागली, रुमाल जास्त पडायला लागले. तीन हंगामांनी त्याने कोचपद सोडलं. शाळेने कारण विचारलं, त्याने गुडघ्याचं सांगितलं.

गॅलन लाइकरनी बोलल्याप्रमाणे तो डाव एकदा वापरला आणि जिंकला. मग आसपासच्या गावांतही तो पसरला. वर्षातून एखाद-दुसऱ्या सामन्यात वेळ यायची. प्रत्येक डावाला पोरांना हाक मारायला नाव लागतं. या डावाला कुणी ठरवून नाव दिलं नाही, पण ते पडलं. उन्रू.

लेलँडला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा तो निवृत्त झाला होता आणि आर्डिथबरोबर बाकावर बसून सामना बघत होता. शेवटचे नऊ सेकंद होते, फ्रीडेनाऊ तीन गुणांनी पुढे, चेंडू आपल्या गोलाच्या तोंडाशी. नवा तरुण कोच कडेवरून दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडला, "उन्रू! उन्रू!" मैदानावरची पोरं एकमेकांना सांगायला लागली, उन्रू, उन्रू. त्यातल्या निम्म्यांना हे माणसाचं नाव आहे हेही ठाऊक नसावं.

बाकांवरच्या मोठ्या माणसांना ठाऊक होतं. पुढच्या रांगेतल्या व्हर्लने मागे वळून डोळा मारला. मग त्याच्या शेजारचे वळले, मग त्यांच्याही पुढचे. सगळे हसत होते, प्रेमानेच. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. खाली मैदानावर पोरांनी पोरांना मिठ्या मारल्या होत्या आणि रुमाल पडत होते, पण बरीच माणसं अजून लेलँडकडेच बघत होती. तो काहीतरी करेल, अशी वाट बघत.

आणि लेलँडने हात वर केला. अर्धवटच, खांद्यापर्यंत. लग्नात कुणी आपलं नाव पुकारलं की माणूस करतो तसा.

हात खाली आल्यावर त्याने तो जाकिटाच्या खिशात घातला. त्या दिवसापासून आजवर, नोव्हेंबरातल्या त्या शनिवारापेक्षाही, त्याला त्या हाताची जास्त लाज वाटते. आर्डिथ तेव्हा मैदानाकडे बघत होती. तिने ते पाहिलं की नाही, हे त्याने तिला कधी विचारलेलं नाही.